बाटलीत उरलेल्या दोन खाचा

मुलांनो, तुमच्यातली एक आता डॉक्टर होते आहे. आजोबांच्या दवाखान्यात तू काय करायचीस, असं तिने पत्रात विचारलं. मी बाटल्यांवर पट्ट्या चिकटवायची. एवढ्याने उत्तर होत नाही, म्हणून सगळं लिहिते.

अठ्ठावन्नच्या आसपासची गोष्ट. आमचा दवाखाना उमरखेडला होता. पातळ औषध तिथेच तयार व्हायचं आणि रोग्याने घरून आणलेल्या बाटलीत भरून मिळायचं. बाटलीला बाहेरून कागदाची उभी पट्टी लावत. तिच्या कडेला जितके डोस तितक्या खाचा कापलेल्या असत. दर वेळी औषध एका खाचेने खाली उतरलं पाहिजे, हे वाचता न येणाऱ्यालाही समजायचं.

कंपाउंडर मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेला आणि पट्ट्या माझ्याकडे आल्या. मी इंग्रजी शिकलेली, हात नीटनेटका. खाचा सारख्या अंतरावर पडाव्यात म्हणून मी कागदाला घड्या घालून मग कात्री लावायची.

त्या दिवसांत ढाणकीकडच्या एका खेड्यातली बाई नवऱ्याला बैलगाडीत घालून घेऊन आली. ताप होता, छाती कफाने भरलेली. ह्यांनी सुई दिली आणि यवतमाळला न्यायला सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यातच हाल झाले जी त्याचे, तिथवर नाही टिकत थो." मग ह्यांनी दोन दिवसांचं औषध दिलं, रोज तीनदा. त्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. अंगारे, गंडेदोरे सगळं सोडलेलं. बाटली पदराखाली धरून ती म्हणाली, "आता आमचं हेच."

आठवड्याने ती एकटी आली. ओट्यावर बसली आणि बाटली माझ्यापुढे ठेवली.

"गेला, बाई. दोन दिस पुरे झाले अन् तिसऱ्या दिवशी सकाळीच गेला. पन हे पाहा, दोन खाचा उरल्या. म्या कोनता डाव चुकवला?"

"तू कसं देत होतीस?"

"तोंड धुतलं का एक. सूर्य डोक्यावर आला का दुसरा. ढोरं घरी आली का तिसरा. शेजारीन म्हंते, देव सोडले म्हून गेला. थे मले नाही पटत. सासू म्हंते, तुले डुलकी लागली असंन. आता बाटलीत तं उरलंच ना? मंग म्याच मारला का त्याले?"

मी खाचा मोजल्या. आठ होत्या. सहा हव्या होत्या. रुमालाची घालावी तशी मी निम्म्यात निम्मी घडी घालत गेले होते, दोनाचे चार, चाराचे आठ.

मी आत गेले. हे एका रोग्याची नाडी पाहत होते. हळूच सांगितलं, "पट्टीवर आठ खाचा पडल्या. त्याला दर वेळी कमी गेलं."

"ते कफ सुटायचं साधं औषध. त्याने तो वाचणार नव्हता."

"मग दिलं कशाला?"

"रिकाम्या हाताने पाठवायचं होतं का? आणि बाहेर काही बोलू नकोस. उद्या आपली बाटली कोणी घेणार नाही."

हे खरं बोलले, की मला सावरायला म्हणाले? मला तेव्हाही कळलं नाही. बाहेर आले तर ती बोटाने खाचा मोजत होती, पहिल्यापासून पुन्हा. मी सांगून टाकलं.

"चूक माझी आहे. सहा कापायच्या, त्या आठ कापल्या. तू एकही डाव चुकवला नाहीस."

"म्हंजे म्या साही देल्ले?"

"साही."

तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता ओरडेल. तिने विचारलं, "मंग त्याले कमी गेलं का?"

"त्याने फरक पडला नसता."

"तुमाले ठाव हाये?"

"डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरले ठाव हाये तं ठीक." मग म्हणाली, "थोडं पानी द्या."

मी तांब्या दिला. ती पाणी प्यायली नाही. तिने ते पट्टीवर शिंपडून, नखाने अलगद सोडवून पट्टी हातावर घेतली. "सासूले दाखवतो," म्हणाली आणि फुंकर घालत उन्हात चालू लागली. बाटली ओट्यावरच राहिली.

ती परत कधी आली नाही. ह्यांना पुढे दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच उत्तर मिळालं. आता विचारायला हेही नाहीत. मी तिचं ओझं उतरवलं की तिला आणखी एक दिलं, हे मला ठरवता येत नाही. म्हणून तुझ्या पुस्तकांत पाहून सांग, पोरी. छाती भरलेल्या माणसाला दर वेळी पाव भाग औषध कमी गेलं, तर काय होतं? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. तसं एकदा ऐकून झालं आहे, असं मला वाटतं.