बेदाणे आणि खारं पाणी

पेणच्या शाळेत मी वर्षानुवर्षं परासरण शिकवलं. पेशीच्या पडद्यातून पाणी जास्त मिठाच्या किंवा साखरेच्या बाजूला जातं. उदाहरण पुस्तकातलंच, भिजवलेले बेदाणे. त्या चाचणीतही मुलींच्या उत्तरांत सगळीकडे बेदाणेच बेदाणे. तपासलेले पेपर वाटून झाले आणि मी वैतागून डस्टर आपटलं. "नुसती घोकंपट्टी! एकीला तरी कळलंय का गो?"

मागच्या बाकावरची, खाडीकाठच्या शेतकऱ्याची पोर उठली. "बाई, उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं. भात पाण्यात उभं हाय नि सुकतंय. मीठ रोपातलं पाणी भायेर ओढतंय."

"शाब्बास! मग पेपरात हे का नाही लिहिलंस?"

"लिवलंय, बाई."

तिनं पेपर पुढे धरला. त्या उत्तरावर माझीच लाल फुली होती.