रविवारचा पंप

आमच्या आइतुताकी बेटावर चांगली वस्तू म्हणजे रविवारची वस्तू. पांढरा सदरा रविवारचा, विणलेली टोपी रविवारची, कोंबडी रविवारची. आमच्या घरची एकुलती एक न तडकलेली बशी बाकीचा आठवडा कपाटाच्या काचेतून जग बघत असते. त्यामुळे गावातल्या म्हाताऱ्या पापा तेरेपाईंना श्वासाचा पंप देताना दवाखान्यातली सिस्टर मेरे "हे औषध फार चांगलं आहे" असं म्हणाली, तिथेच घोटाळा झाला. पापांनी तो रुमालात गुंडाळला आणि बायबलशेजारी ठेवून दिला. रविवारसाठी.

तसाही पापांना श्वास हवा होता तो एकाच कामासाठी. आमच्या चर्चमध्ये बायका सूर धरतात आणि मागच्या बाकावरचे पुरुष पोटातून "हं, हं" असा ठेका देतात. त्याला तुकी म्हणतात. पापांची तुकी अशी, की पुढच्या रांगेतल्या टोप्या हलायच्या. जन्मभर ओढलेल्या तंबाखूने फुप्फुसं भाजली आणि पापा पुढे खिडकीशी, वाऱ्याला, लेकुरवाळ्यांच्या घोळक्यात येऊन बसू लागले. मागे ठेका सुरू झाला की त्यांची मान वळायची. शेजारी बसलेली त्यांची बायको उपोकोइना कोपराने ती सरळ करायची.

दर रविवारी न्हाऊन, सदरा घालून ते समारंभपूर्वक पंप ओढत. तरी चर्चपर्यंत जाताना भिंतीला टेकून थांबावं लागे. शेवटी ते उपोकोइनाला घेऊन दवाखान्यात तक्रार करायला गेले. त्यांचं म्हणणं, विमानातून येताना औषधाची ताकद उडून गेली असावी. सिस्टरने पंप हातात घेतला, तर तो जवळजवळ भरलेला. कसा घेता, म्हणून विचारल्यावर पापांनी अभिमानाने सगळं सांगितलं.

"आणि सोमवारी?"

"सोमवारी मी अळकुडीच्या वाफ्यात असतो. तिथे चांगलं कशाला वाया घालवू?"

"पापा, तुम्ही जेवता तरी रोज ना?"

"जेवतो की. पण कोंबडी रविवारीच."

सिस्टर म्हणाली, "हा पंप कोंबडी नाही, पापा. अळकुडी आहे. सकाळ-संध्याकाळची. आणि ओढून झाला की चूळ भरायची."

उपोकोइना हसून हसून बाकावर आडवी झाली. पापांना मात्र पटलं. जे भाजलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं नीट चालेल, हेही सिस्टरने सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

तेव्हापासून उपोकोइना सकाळ-संध्याकाळ विचारू लागली, "अळकुडी झाली का? चूळ भरली का?" आणि काही आठवड्यांनी एका रविवारी पापा भिंतीला न टेकता चर्चला पोचले, ते थेट मागच्या बाकावर. पुरुषांनी सरकून जागा केली. पहिल्या कडव्यात पापांनी तुकी दिली. टोपी एकही हलली नाही. दुसऱ्या कडव्याला ते गुडघ्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले.

घरी येताना उपोकोइनाने विचारलं, कसं झालं?

"माझा आवाज मलाच ऐकू आला नाही गं," पापा म्हणाले. "पण सगळ्यांच्या ठेक्याने बाक थरथरत होता. खिडकीशी बसून ते कळत नव्हतं."

हल्ली संध्याकाळी पंप ओढून, चूळ भरून ते अंगणात उभे राहतात. कुणी नाही असं बघून एक "हं" काढतात आणि कान देऊन थांबतात. आत उपोकोइना तेवढ्यापुरतं नारळ खवणं थांबवते.