सात पौंडांचं झाकण

मुलांनो,

गेल्या रविवारी तुमच्यापैकी धाकट्याने फोनवर एक फोटो पाठवला. गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट उघडं, आत नवा कोरा, चांगला जाड रेडिएटर, आणि खाली लिहिलेलं : "आजी, ट्रॅक डेला शर्यतीच्या ट्रॅकवर पळवताना इंजिन फार तापतं, म्हणून मोठा बसवला." फोटोत त्याचा हात रेडिएटरच्या झाकणावर होता. मी "छान आहे" एवढंच कळवलं. नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तेव्हा आता लिहिलंच पाहिजे. घरी आपण बोलतो ते तंजावरचं मराठी निम्मं तमिळ असतं. हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे. तुम्हांला अक्षर लागणार नाही, तुमची आई वाचून दाखवील. तिलाही यातलं सगळं माहीत नाही.

काळा चष्मा घालून ओसरीवर बसणारे तिचे मामा तुम्ही फक्त फोटोत पाहिलेत. ते माझे थोरले भाऊ, माझे अण्णा.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपत आलं होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर, आणि शेजारच्या पत्र्याखाली वडिलांची काळी इंग्लिश गाडी. अण्णा पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकून होते. सकाळच्या आगगाडीने जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि शर्ट न बदलता त्या मोटारीखाली शिरायचे. कचेरीबद्दल ते घरी एक शब्द बोलत नसत. मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. अण्णा मला 'टीचरम्मा' म्हणून चिडवायचे.

मद्रासबाहेर लढाईच्या वेळची एक विमानाची धावपट्टी ओस पडली होती. वर्षातून एकदा तिथे मोटारींच्या शर्यती होत. अण्णा एका वर्षी तिथे गेले आणि तिसऱ्याच फेरीत गाडी उकळली. लोक हसले. मद्रासचा एक वर्कशॉपवाला मात्र गाडीपाशी आला. तो म्हणाला, "इंजिन तुम्ही उत्तम जुळवलंय. रेडिएटर मात्र बाजारहाटाचा आहे. पुढच्या वर्षी दहाच्या दहा फेऱ्या पुऱ्या करा, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कामाला या."

अण्णांनी हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. "टीचरम्मा, दहा फेऱ्या. मग ती कचेरी नाही आणि ते शिक्के नाहीत."

मोठा रेडिएटर विकत मिळण्याचे ते दिवस नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तांबट होता. पाण्याच्या घागरी आणि लग्नाची मोठी भांडी तो करायचा. अण्णांनी त्याला मोडीतल्या लॉरीचा रेडिएटर आणून दिला आणि दोघांनी मिळून वर्षभर त्याच्यावर काम केलं. जुन्या रेडिएटरमध्ये नळ्यांच्या दोन रांगा होत्या, त्यांनी चार केल्या. नळ्या चपट्या, बोटाच्या नखाएवढ्या रुंद. पाणी त्यांतून उतरताना वाऱ्याने थंड व्हायचं. तांबटाने वरची टाकी नव्या पितळेची केली आणि तिला घागरीच्या गळ्यासारखा गोल काठ काढला. अण्णा म्हणाले, "हे कशाला?" तो म्हणाला, "सामी, तुम्ही पळवायला करताय. मी बघायला करतोय."

चाचणी मी स्वतः पाहिली. लग्नाच्या सांबाराचं भलंमोठं भांडं पाण्याने भरलं, त्यात रेडिएटर बुडवला आणि सायकलच्या पंपाने आत हवा भरली. बुडबुडा येईल तिथे पुन्हा कथलाचा डाग द्यायचा. तिसऱ्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही. तांबटाने ओल्या हातांनीच विडा लावला.

शेवटी अण्णांनी नव्या गाडीचं स्प्रिंगचं झाकण मिळवलं. ते सात पौंडांच्या दाबापर्यंत वाफ आत धरून ठेवायचं. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. हा धडा मी वर्गात शिकवायचे, आणि त्याची दुसरी बाजूही शिकवायचे : दाब एकदम काढला की तेच पाणी क्षणात उसळतं.

पाण्याची जबाबदारी माझ्यावर होती. आमच्या विहिरीचं पाणी जड. तांब्याच्या हंड्यात त्याचा पांढरा थर बसायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस राबून मी दोन गॅलन डिस्टिल्ड वॉटर बाटल्यांत भरून आणलं. अण्णांनी बजावलं होतं, "फक्त हेच पाणी. दुसरा एक थेंब नको."

निघायच्या दिवशी सकाळी ते कपडे करायला आत गेले आणि रेडिएटर भरायचं काम मी हाती घेतलं. तेवढ्यात आईने दाराआडून हाक मारली. तिच्या हातात देवघरातली कावेरीच्या पाण्याची लहान घागर होती, आडी या तमिळ महिन्यातल्या नदीपूजेची. विधवेने प्रस्थानाच्या वेळी पुढे यायचं नसतं, म्हणून ती उंबऱ्याच्या आतच उभी होती.

"तू कुमारी आहेस. तुझ्या हाताने घाल."

मी म्हटलं, "आई, अण्णा रागावतील."

"त्याला सांगायचं कशाला? पाणीच आहे ना? वडिलांशिवाय पोरगा एवढ्या लांब गाडी नेतोय. मला पुढेही येता येत नाही. एवढं तरी कर. आणि मागे काही ठेवू नको, सगळी ओत."

बाटल्या ओतून झाल्यावर टाकीत थोडी जागा उरली होती. नदीचं पाणी मऊ असतं, हे मला ठाऊक होतं. तेवढ्याने काय होणार, असं मनात म्हटलं आणि आईकडे बघत बघत घागर उपडी केली. झाकण बसवलं.

अण्णा आले. त्यांनी गाडीला नमस्कार केला, सोबतच्या मित्राला बसवलं आणि गाडी सुरू केली. घागर परत देताना माझा हात आत गेला. काठाला हळद लागली होती आणि तळाशी तांदळाचे दोन पिवळे दाणे चिकटले होते.

"आई, यात अक्षता होत्या?"

"मूठभर घातल्या होत्या. का?"

मी रस्त्याकडे धावले. गाडी कोपऱ्यावर पोचली होती, बैलगाडीमुळे थांबली होती. मी तोंड उघडलं तेवढ्यात आई उंबरा ओलांडून आली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा, आणि तिने माझ्या तोंडावर हात दाबला. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नको."

मी चोवीस वर्षांची पदवीधर बाई होते. तिचा हात बाजूला करणं कठीण नव्हतं. बैलगाडी हलली आणि गाडी गेली.

पुढचं अण्णांच्या मित्राने सांगितलं. मद्रासपर्यंत गाडी जरा जास्त तापली, अण्णांना वाटलं उन्हामुळे. शर्यतीत आठ फेऱ्या त्यांनी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. नववी फेरी संपता संपता तापमानाचा काटा तांबड्यात गेला. ते कडेला थांबले. एकच फेरी उरली होती. मित्र म्हणाला, थोडा वेळ थांब. ते म्हणाले, "थांबलो तर कचेरी." हाताला टॉवेल गुंडाळून त्यांनी पाणी घालायला झाकण फिरवलं.

उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड कळायचा, आणि माणूस उभा आहे एवढं कळायचं. मद्रासच्या इस्पितळात आम्ही दोन महिने होतो. वर्कशॉपवाला एकदा संत्री घेऊन आला. नोकरीचं काही बोलला नाही. जाताना म्हणाला, "भांडी करणाऱ्याकडून कुणी रेडिएटर करून घेतं का?" ते वाक्य गावात आमच्याआधी पोचलं.

पट्ट्यांखालून अण्णांनी मला विचारलं, "तुझंच पाणी होतं ना?"

मी "हो" म्हटलं.

आम्ही परतल्यावर तांबट आला. बंद पडलेली गाडी रेल्वेने आली होती; तिचा रेडिएटर त्याने सोडवून नेऊन कापला होता. ते तुकडे घेऊनच तो आला होता, आणि मला पत्र्याखाली घेऊन गेला. वरच्या टाकीत, नळ्यांच्या तोंडांवर, पिवळट खळ वाळून घट्ट बसली होती. त्याने ती नखाने खरवडली आणि तळहातावर धरली.

"अम्मा, हा माझा डाग नव्हे. हा भात आहे."

तो म्हणाला, "मी सामींना सांगणार नाही. तुम्ही सांगा." कापलेले तुकडे तिथेच ठेवून तो गेला.

मी सांगितलं नाही. ओसरीवर बसून अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तांबटाचं नाव घेऊन शिव्या द्यायचे, आणि मी आत वह्या तपासत ऐकत असे. आईही ऐकायची. आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही. गल्लीतल्या लोकांनी त्याच्याकडे भांडी टाकणं बंद केलं.

आई गेली तेव्हा एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. तेराव्यानंतर मी अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डोळ्यांचं जाऊ दे. झाकण मी उघडलं. पण त्या माणसाला मी इतकी वर्षं..." ते चाचपडत उठले. "मला त्याच्याकडे घेऊन चल."

मी त्यांना हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी नेलं. तिथे एव्हरसिल्व्हरच्या, म्हणजे स्टीलच्या, भांड्यांचं दुकान झालं होतं. दुकानदार म्हणाला, तांबट चार वर्षांपूर्वी कुठल्याशा खेड्यात मुलीकडे गेला आणि तिथेच वारला. अण्णांनी विचारलं, "इथे पितळेचं काही मिळतं का?" दुकानदार म्हणाला, "आता कोण घेतं, सामी?"

धाकट्या, गाडी थांबवल्यावर अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. पाणी कुणी भरलं आणि कसलं भरलं, ते आपल्या डोळ्यांनी पाहायचं. आणि तुझ्या गाडीला कुणी काही केलं असेल, तर ते सांगायला त्याला भीती वाटू नये असा वाग.

गाडी मोडीत गेली. तांबटाने केलेली पितळी टाकी माझ्या कपाटात खालच्या फळीवर आहे, तिचा काठ अजून गोल आहे. झाकणही तिच्यावरच आहे. स्प्रिंग चांगली आहे.