फ्यूज मास्तरांचा दुसरा जिना

फ्यूज मास्तरांनी आयुष्यात कोणाला शाबासकी दिली असेल तर ती चुकून, आणि शुद्धीवर आल्यावर परतही घेतली असेल. लालबागच्या आमच्या चाळीत ते दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत. बायकामुलं राजापूरकडे गावी, आणि स्वतः परळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला. चाळीतला फ्यूज उडाला की मंडळी त्यांना हाक मारत. ते लगेच येत, पण तार बदलायच्या आधी फ्यूज का उडतो यावर व्याख्यान देत, आणि अख्खी चाळ अंधारात बसून ज्ञानाचा प्रकाश घेई. नाव पडलं ते त्यावरूनच.

मी तेव्हा अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होते. विज्ञानात माझी प्रगती अशी की बाबांनीच मास्तरांना गळ घातली, "पोरीक जरा बघा." बाबा गिरणीत मागावरचे साचेवाले आणि चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष, त्यांचा शब्द मोडणं कठीण. मास्तर गॅलरीतल्या बाकावर बसून मला शिकवत, म्हणजे माझा अपमान करत.

"आपल्या चाळीला जिने किती?"

"दोन."

"चला, मोजता येतं. आता समज, एकच आहे. भोंगा झाला, सगळे कामाला निघाले आणि मधल्या पायरीवर तुझे सदाकाका विडी पेटवायला बसले. काय होईल?"

"सगळे अडकतील."

"ही एकसर जोडणी. आता दुसरा जिना उघडला. माणसं वाटली जातील. जो जिना रुंद, त्यावरून जास्त उतरतील. उतरायची उंची मात्र दोन्हीकडे सारखीच. ही समांतर."

मी विचारलं, "पण जिना वाढला म्हणजे अडथळा वाढायला नको?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "बाळ, तुझ्या डोक्याला एकच जिना आहे, आणि त्यावर सदाकाका बसलेत."

हे दोन जिने त्यांना कुठेही दिसत. डिलाईल रोडच्या ज्या खाणावळीत ते जेवत, तिथे एकच वाढपी होता. "तिथली आमटी एकसर आहे," ते म्हणत, "माझ्यापर्यंत येईस्तोवर तिच्यातली डाळ संपते."

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. त्या वर्षी मंडळाने गणपतीपुढे महाराष्ट्राचा नकाशा उभा करायचं ठरवलं. प्रत्येक जिल्ह्याला एक दिवा, मुंबईचा सगळ्यात मोठा. मुंबई आम्हाला मिळणार की नाही हे दिल्लीलाही ठाऊक नव्हतं, पण मंडळाने तिचा बल्ब आणून ठेवला होता. बाबांनी फर्मान काढलं की एकच तार पहिल्या दिव्यात शिरेल, एकातून दुसऱ्यात जाईल आणि शेवटच्यातून बाहेर पडेल. यालाच एकजूट म्हणतात.

मास्तर बैठकीत उठले. "अध्यक्ष, असे लावलेत तर सगळे दिवे मिणमिणतील. आणि एक गेला की सगळे जातील. मुख्य तारांवरून प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी द्या."

बाबांच्या कपाळाची शीर ताठली. "स्वतंत्र? प्रत्येक जिल्ह्याक स्वतंत्र? अहो, दिल्लीवाले ह्याच सांगतत! मास्तर, तुमचा डोकाच फुटीर आसा."

टाळ्या पडल्या. विजेच्या प्रश्नावर आमच्याकडे मतदान घेत, त्यामुळे ठराव मास्तर वगळता एकमताने मंजूर झाला.

आरतीआधी बटण दाबलं. जिल्हे विडीच्या टोकाइतके लाल झाले. "जरा तापू दे," कोणीतरी धीर दिला. रत्नागिरीचा दिवा सैल बसला होता. तो गेला आणि त्याच्याबरोबर अख्खा महाराष्ट्र गेला. कोणता जिल्हा फितूर झाला हे कार्यकर्ते शिडीवर चढून शोधत राहिले आणि आरती समईच्या उजेडात झाली. मास्तर मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, आरतीच्याच असाव्यात. दुसऱ्या दिवशी जोडणी गुपचूप बदलली गेली, पण बाबांनी मास्तरांशी बोलणं टाकलं आणि माझी शिकवणीही थांबली.

दिवाळीनंतर बाबा सत्याग्रहात पकडले गेले. चाळीने त्यांना हार घालून पाठवलं होतं. हारांची भाजी होत नाही हे आईला लवकरच कळलं. घरात कमावणारे बाबा एकटेच. तिने ठरवलं की माझी शाळा बंद, मी मिलच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात लागायचं. एकदा खात्यात गेलेली मुलगी पुन्हा शाळेच्या बाकावर बसलेली मी पाहिली नव्हती. मी खूप रडले.

मास्तर न बोलावता दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, घर एकसर लावलं होतंत. एक दिवा गेला, अंधार झाला. आता त्याच जागी हिला बसवताय."

"मास्तर, माका तुमचा तारेचा काय कळना नाय," आई म्हणाली. "चूल कशी पेटाची ता सांगा."

"चूल आहेच. तिच्यावर चार माणसांचं जास्त शिजवा. उद्यापासून मी इथे जेवणार, पैसे मोजून."

मास्तर आले ते डिलाईल रोडच्या आमटीला कंटाळलेले तिघे बरोबर घेऊन. त्यांच्यामागून बायकामुलं गावी ठेवून आलेले गिरणीतले गडी आले, आणि आमच्या खोलीत पंगती उठू लागल्या. माझी शाळा चालू राहिली. मास्तर रोज आमटीला नावं ठेवत आणि रोज दोनदा मागून घेत. मी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरून प्रश्न विचारत. उत्तर चुकलं की हात हलत नसे आणि सगळी पंगत खोळंबे. पाळी गाठायची घाई असलेल्या गड्यांनी शेवटी विषयाचा अभ्यासच केला. "समांतर सांग गो, समांतर!" असं ते मागून कुजबुजत.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाबा सुटून आले, गळ्यात पुन्हा हार घेऊनच. दारात पंगत बघून थबकले. "ह्या काय चललाहा? मी इलंय आता. खाणावळ बंद. पोरीचा काय ता मी बघतंय."

सगळ्यांचे घास हातात राहिले.  आता मास्तर दोन जिन्यांचा दाखला काढणार असं मला वाटलं. मास्तरांनी ताट पुढे केलं. "वहिनी, भात."

आईने भात वाढला. मग बाबांकडे न बघता म्हणाली, "हात धुवन येवा. खाणावळ चालतली, आणि पोरगी परीक्षेक बसतली."

बाबा हात धुऊन आले. मग हार खुंटीला अडकवून मास्तरांच्या शेजारी बसले, कारण तेवढीच जागा रिकामी होती.

मी पास झाले. "पेपर सोपा काढला असणार," मास्तर म्हणाले. पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि मास्तर निवृत्त होऊन राजापूरला गेले. मी स्वतः विज्ञान शिकवू लागले. मुलांशी बोलण्याची पद्धत मास्तरांचीच उचलली, त्यामुळे पालकांच्या तक्रारी भरपूर येत. इतकं टोचून बोलणारा आणि इतका आपला वाटणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

ते गेल्याची बातमी गावाहून आलेल्या एका गड्याने आणली. आईने खाणावळीच्या चुलीतली लाकडं ओढून विझवली. जेवणाच्या वेळी बाबा दारात जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्या एकेका गड्याला हात जोडून सांगत राहिले, "आज जेवाण नाय. आमचे मास्तर गेले."