येलगिरीच्या वाटेवर अम्मांना आलेला वास

असले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसत आले. पांढऱ्या साडीतली बाई, आपोआप वाजणारं दार... मी बँकेत काम करते, कागद पाहिल्याशिवाय माणसाच्या नावावरही माझा विश्वास बसत नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, तेही लख्ख उन्हात. म्हणून लिहितेय. हसायचं तर खुशाल हसा.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर चेन्नईकर. आम्ही तांबरमला राहतो. नवरा, माधव, तंजावरच्या मराठी घरातला. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिल्यामुळे सासूबाईंची मराठी जुन्या वळणाची, त्यात तमिळ मिसळलेलं. त्यांना आम्ही अम्मा म्हणतो. आमची आठ वर्षांची मीरा तर मराठीत सुरू झालेलं वाक्य तमिळमध्ये संपवते.

अम्मांच्या हाताला चव होती, असं नुसतं म्हणणं म्हणजे त्यांचा अपमान आहे. टी. नगरहून आमचे नातेवाईक बस बदलत यायचे ते केवळ त्यांच्या सांबारासाठी. आणि गंमत म्हणजे अम्मा स्वयंपाक कधी चाखत नसत. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखलं की ते उष्टं, हा त्यांच्या घरचा नियम. मीठ पुरेसं आहे का, हे त्या उकळीच्या वासावरून ओळखायच्या. मला आधी ही थाप वाटली होती. पण त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना मोठा ताप आला आणि वास गेला. पार गेला... कापूर नाकाशी धरला तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. तरी अम्मा रांधत राहिल्या. नवरात्रात पाहुणे जेवले आणि तोंडदेखली वाहवा करून गेले. सगळ्यांच्या शेवटी अम्मा पानावर बसल्या आणि पहिल्याच घासाला थांबल्या. सांबार खारट आगर झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. "चाखून बघा ना," मी म्हटलं. "देवाच्या आधी मी?" एवढंच म्हणाल्या. दिवसभर बाल्कनीत बसून असायच्या. माझं मिळमिळीत जेवण तक्रार न करता खायच्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं. त्या हळूहळू विझत चालल्या होत्या, आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

त्यांना जरा बाहेर काढावं म्हणून आम्ही येलगिरीला गेलो. रेल्वेनं जोलारपेट्टै, तिथून घाटातली बस. सकाळी स्वामीमलै नावाचा डोंगर चढायला घेतला. मीरा पुढे उड्या मारत, मागे अम्मा साडी खोचून, मग मी, आणि सगळ्यांत मागे दहीभाताचा डबा घेऊन धापा टाकणारा माधव. अम्मा आमच्या कुणाहूनही बऱ्या चालत होत्या.

अर्ध्या वाटेवर दोन्ही बाजूंना घाणेरीची दाट झुडपं आली आणि पुढे एक वळण. मीरा वळणाकडे पळणार, तेवढ्यात अम्मांनी तिची वेणी धरून तिला मागे खेचलं.

"थांब गे. कोण की सांबार करतेत."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी मुद्दाम दीर्घ श्वास घेतला. ओली माती, पाला... बाकी काही नाही.

"अम्मा, तुम्हाला वास येतोय?"

"येतो की. मीठ उणं आहे." आणि त्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, डोळे मिटून. चेहरा असा, की मला भरून आलं. माधव पुढे व्हायला निघाला तर त्यालाही त्यांनी हात आडवा केला. "कोण ते कळेपर्यंत कोणी हलू नका."

तेवढ्यात वळणापलीकडून फुरफुरल्यासारखा, काहीतरी जोरात ओढून घेतल्यासारखा आवाज आला. आणि झुडपांतून अस्वल बाहेर आलं. मादी होती, पाठीवर पिल्लू. आमच्यापासून दहा-बारा पावलांवर. तिनं मान वर करून हवा हुंगली. मी मीराला माझ्यामागे ओढलं. अम्मांनी मात्र डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, एखाद्या लेकुरवाळ्या शेजारणीकडे पाहावं तसं. मादीनं पिल्लू सावरलं आणि ती उताराला झाडीत उतरून गेली.

बऱ्याच वेळानं आम्ही वळणापर्यंत गेलो. अगदी वाटेला लागून एक वारूळ होतं, वाळवी खायला अस्वलानं नुकतंच उकरलेलं. मीरा पळत गेली असती तर थेट त्या मादीच्या अंगावर... पुढचं मी लिहीत नाही.

खाली चहावाल्याला विचारलं, वर कुणी राहतं का, चूल पेटवतं का. "मेले यारुमे इल्लियेम्मा," तो म्हणाला. वर कुणीच नाही. माधवचं म्हणणं, अस्वलाचाच वास आला असेल आणि मेंदूनं घोटाळा केला असेल. असेलही. पण मग आम्हा तिघांच्या धडधाकट नाकांना काहीच कसं कळलं नाही? आणि दोन वर्षं मेलेलं नाक नेमकं तिथेच कसं जागं झालं?

डोंगर उतरेपर्यंत वास पुन्हा गेला. तो आजतागायत आलेला नाही. डॉक्टरांना सांगितलं, तर ते नुसते हसले. याचं उत्तर आता मी शोधतही नाही.

कारण परतल्यावर दुसऱ्याच सकाळी अम्मांनी माझ्या हातातून पळी काढून घेतली. "तू सर," म्हणाल्या. मी बाहेर जाऊन बाल्कनीतल्या त्यांच्या खुर्चीत बसले आणि चक्क रडले.

अजूनही त्या चाखत नाहीत. अंदाजानं मीठ घालतात, नैवेद्य दाखवतात आणि आम्ही पहिला घास घेतला की विचारतात, "कसं आहे? खरं सांग." परवा सांबार खारट झालं होतं. मी तसं सांगितलं.

"मग भात जास्त घे," अम्मा म्हणाल्या आणि मला पुन्हा वाढलं.