बंद गिरणीतला आवाज

मी गुंद सोडलं त्या सकाळी आप्पा माझं गाठोडं डोक्यावर घेऊन सुप्याच्या उतारापर्यंत चालत आले. आमच्या कुमरीच्या जागेत जंगलखात्याच्या हद्दीचे दगड बसले होते. रान जाळून नाचणी पेरायची सोय संपली होती आणि हुबळीच्या गिरणीत माणसं लागतात असं कानावर आलं होतं. आवा, म्हणजे माझी आई, दारापुढं आलीच नाही. मी काळी नदी ओलांडणार हे तिला बघवत नव्हतं. त्याच्या बारा वर्षं आधी माझी थोरली बहीण गोदाक्का याच नदीत गेली. आप्पा तिला डोणीतून सासरी पोचवायला निघाले आणि ओल्या कपड्यांनी एकटेच परत आले. डोणी उलटली म्हणाले. प्रेत मिळालं नाही. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. तेराव्याला गावातले तुम्ही सगळे आमच्याकडं जेवला होता, तुम्हाला आठवत असेल.

उतारावर आप्पा एवढंच म्हणाले, "तिकडं कोन आपलं मानूस भेटलं, तर त्येला अंतर देऊ नको." मी मान हलवली आणि नावेत चढलो.

गावात दिवस कोंबड्यावर उगवायचा, हुबळीत तो भोंग्यावर उगवू लागला. साचा, बॉबिन, जॉबर, फिटर असे शब्द जिभेवर बसले. डोक्यात कापसाचा भुगा आणि कानात यंत्रांचा गलका घेऊन मी तीन वर्षं काढली. मग एका सोमवारी भोंगा वाजलाच नाही. आम्ही सवयीनं फाटकापाशी जमलो, तर फाटकाला साखळी घातलेली. मागोमाग शेजारच्या कारखान्याचीही चिमणी थंडावली. चाळीतल्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. खानावळ बंद पडली, न्हावी उठून गेला, गल्लीतल्या विहिरीवर शेवाळ धरलं. मीही परत फिरणार होतो. पण परतून पेरायचं कुठं?

आमच्यात बसप्पा नावाचा म्हातारा जॉबर, म्हणजे कामगारांचा मुकादम होता. तो मालकाच्या मुनीमाकडं जाऊन कापसाच्या रिकाम्या गोदामाची किल्ली मागून आला. म्हणाला, "हात रिकामे राहिले की मानूस वंगाळ होतंय. चला, झाडू घ्या." आम्ही आठ दिवस कचरा उपसला. एका अंगाला चार विणकरांनी खड्डे खणून हातमाग बसवले. दुसऱ्या अंगाला नाटक-गाण्यासाठी गठ्ठ्यांच्या फळ्यांचा रंगमंच उभा राहिला. फाटक्या मांजरपाटाचे तुकडे शिवून पडदा केला, गेरू, चुना आणि निळीनं त्यावर डोंगर रंगवले. दिव्याला तेल नव्हतं म्हणून खेळ रविवारी दुपारीच ठरले. मी गावाकडचा गुमट वाजवायचो, ते मातीचं, कातडं ताणलेलं वाद्य. हुबळीत तो कुणी बघितला नव्हता, म्हणून मला मान मिळाला.

बाया गाणार की नाही, यावर मात्र भांडण झालं. मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायांनी बसप्पाला सरळ सांगितलं, "गोदाम झाडायला आमी चाललो, मग गायाला का न्हाई?" त्यानं रंगमंचावर त्यांच्यासाठी चटई अंथरली.

पहिल्याच रविवारी पलीकडच्या बंद कारखान्यातल्या चार बाया गायला आल्या. मी खाली मान घालून ठेका धरला होता. एकीनं सूर लावला आणि माझा हात गुमटावरच थिजला. ते आवाचं भातलावणीचं गाणं होतं, शब्द पुढचे-मागचे करून आवानं स्वतःच रचलेलं. आमच्या घराबाहेर ते कुणाला येणं शक्य नव्हतं. मी वर पाहिलं. गाणाऱ्या बाईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण होता. गोदाक्काचा हात सासरच्यांनी चुलीत धरला होता आणि ती माहेरी पळून आली होती, तो हा व्रण.

 ठेका थांबलेला पाहून ती वळली. गावाकडचा गुमट बघून जवळ आली.

"सोमा न्हवं का तू?"

"अक्का, तू... तू तर नदीत..."

"आप्पानंच मला नदीपार काढलं," ती म्हणाली. "पंचांनी सांगितलं, पोर सासरी धाडा. आप्पा म्हनला, धाडतो. आनि हळियाळला नेऊन कापसाच्या गाड्यांबरोबर मला हिकडं लावून दिलं. म्हनला, मेलेल्या पोरीला कोन शोधत न्हाई."

 माझ्या बापानं जिवंत पोरीचे पिंड घातले होते, माझं मुंडन केलं होतं, आणि पंधरा वर्षं आवा शेजारी रडत असताना तो गप्प बसला होता.

चौथ्या दिवशी मी गुंदला पोचलो. आप्पा गोठ्यात होते. "अक्का भेटली," मी म्हटलं. ते शेणातच खाली बसले. "जेवून-खाऊन बरी हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

आवा मागं उभी होती, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. ती आत गेली, लुगडं बदललं आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "चल." आप्पांनी हात जोडले. "तुला सांगितलं असतं, तर तू तिच्याकडं पळाली असतीस, आनि सासरच्यांनी माग काढला असता." आवा त्यांच्याकडं न बघता चालू लागली. काळी नदीवर नावेत बसली तेव्हा तिनं नावेचा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला.

आवा घर सोडून का गेली, याच्या गावात नाना गोष्टी झाल्या. अक्काचा नवरा आता वारला, तिला कुणाची भीती उरली नाही, म्हणून खरं काय ते लिहितोय. आप्पांना बोल लावू नका. आवानं त्यांना क्षमा करायला दोन वर्षं लावली. मग एका भातकापणीला ती आपण होऊन परतली, आणि आता ती दोन्हीकडं असते.

मला लोक विचारतात, तुझं घर कुठलं. पूर्वी मी गुंद म्हणायचो. आता मला आवाचा गोदामातला पहिला दिवस आठवतो. तिनं अक्काचा व्रण दोन्ही हातांनी चाचपला, कितीतरी वेळ. मग मान वर करून भोवती उभ्या असलेल्या, डोळे पुसणाऱ्या बायांकडं तिनं एकेक करून पाहिलं.

"आनि ह्या पोरींच्या आया कुठं हायत?" तिनं विचारलं.

 आवा तिथंच फळीवर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "या हिकडं, एकेक जनी. नावं सांगा."