परवानगीचा फेटा

पळण्याच्या शर्यतींत आमच्या मालकांना आजवर चार फेटे मिळाले. स्वतः ते एसटीमागेसुद्धा कधी पळाले नाहीत. चुकली तर दुसरी येईल, असं म्हणणारा माणूस.

माझं तसं नव्हतं. माहेर चंदगडकडचं. सकाळची एसटी चुकली की शाळा बुडाली, म्हणून चिखलातून पळायची सवय लहानपणीच लागलेली. लग्न होऊन कोल्हापुरात, कळंब्याला आले आणि पळणं सुटलं. दोन पोरं झाली, वजन वाढलं, आणि नव्वद सालानंतर कधीतरी डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मी पडत्या फळाची आज्ञा समजून पळायलाच लागले. पहाटे पंजाबी ड्रेस घालायचा, ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि तलावाच्या बाजूनं सुटायचं. ब्लाऊज शिवून जमवलेल्या पैशांतून मी पांढरे बूट घेतले. लग्नानंतर फक्त स्वतःसाठी घेतलेली ती माझी पहिली वस्तू होती.

मालक शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर. मी पळते तेव्हा ते झोपलेले असत, त्यामुळे बरेच दिवस काही बोलले नाहीत. मग कंपनीत कुणीतरी त्यांना म्हणालं, "काय पावणं, वहिनी रस्त्यानं पळत्यात म्हणं?" त्या दिवशी घरात जेवणाचं ताट सरकवलं गेलं.

"शोभतंय का ह्या वयात? पोरं मोठी झाल्यात. लोकं मला इचारत्यात."

मी पळायची थांबले नाही. एवढंच नव्हे, पेठेतल्या एका तरुण मंडळानं रोड रेस ठेवली, त्यात पहिल्यांदाच महिला गट होता, तर तिथं मी नाव दिलं. शर्यतीच्या दिवशी सकाळी बघते तर बूट जागेवर नाहीत. पलंगाखाली नाहीत, परसात नाहीत. मालक चहा पीत पेपर वाचत होते.

"मला काय ठावं? कुत्र्यानं न्हेलं असत्याल."

आमच्या गल्लीतलं कुत्रं इतकं शिस्तीचं, की दोन्ही पायांचे बूट जोडीनं घेऊन गेलं! भांडायला वेळ नव्हता. थोरल्याचे शाळेचे कॅनव्हासचे बूट घेतले. ते मला दोन नंबर मोठे, म्हणून टाचेला ब्लाऊजच्या चिंध्या कोंबल्या आणि गेले. तिसऱ्या किलोमीटरला चिंध्यांचा गोळा होऊन पुढं सरकला. अंगठ्याचं नख तिथंच गेलं. तरीही दुसरी आले.

बक्षीस समारंभाला मालक आले होते. नंबर आल्याचं शेजारच्यांनी घरी जाऊन सांगितलं, तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला स्टीलचा डबा मिळाला. मी खाली उतरणार, एवढ्यात माइकवरचा कार्यकर्ता ओरडला, "थांबा वहिनी! बायकूला पळायची परवानगी द्याला बी काळीज लागतंय. आपण भाऊंचा बी सत्कार करायचा हाय!"

आणि मालक स्टेजवर चढले. शाल, श्रीफळ, वर गुलाबी कोल्हापुरी फेटा. दोन शब्द बोला म्हटल्यावर बोललेही: "घरातनं पाठिंबा पायजेच की. पहाटं मीच उठवतो तिला."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी फेट्यात पाहिला. माझा अंगठा ठणकत होता, बुटात रक्त होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि डबा काखेत धरून मीही वाजवल्या. ते आठवलं की अजून स्वतःची लाज वाटते.

त्या दिवसापासून घरात मला पळायला बंदी उरली नाही, उलट सक्ती झाली. अंगात ताप असला तरी साडेचारला हाक यायची. मालकांनी नवे बूट आणले आणि गल्लीभर दाखवले. फेट्यातला फोटो बाहेरच्या खोलीत लागला. त्यात मी नाही, माझ्या डब्याचं झाकण तेवढं कोपऱ्यात दिसतं. पुढच्या वर्षांत दोन फेटे आणखी आले. जुन्या बुटांचं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दोन हजार सालानंतरच्या एका दिवाळीत घर साफ करताना ते सापडले. माळ्यावर, जुन्या बंबाच्या मागं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले. रबर दगडासारखं झालेलं. मी ते मालकांच्या पुढ्यात ठेवले. माणूस ओशाळेल, निदान मान तरी खाली घालेल, असं वाटलं होतं.

"घावलं व्हय?" ते म्हणाले. "बघ की, नव्याचं नवं ऱ्हायलंय. म्हणून तर जपून ठिवल्तं."

मी मनाशी ठरवलं की आता बोलायचं, आणि चारचौघांतच बोलायचं. त्याच हिवाळ्यात शर्यत होती, पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांचा गट. पाचही किलोमीटर मी एकच वाक्य घोकत होते: "माझे बूट ह्यांनी माळ्यावर लपवले होते." पहिली आले ती बहुधा त्या वाक्याच्या घाईनं.

या वेळी माइक आधी माझ्या हातात आला. समोर पहिल्याच रांगेत मालक बसले होते. फेटा नीट बसावा म्हणून केस बारीक कापून आले होते. माझ्याकडे बघून हसले. वाक्य तोंडात तयार होतं.

"सगळं ह्यांच्यामुळंच," मी म्हणाले.

भीतीनं म्हणाले, सवयीनं म्हणाले, की पुढच्या वर्षीही पळायचं होतं म्हणून म्हणाले, कोण जाणे. टाळ्या मात्र पहिल्या नंबरापेक्षा जास्त पडल्या. मालकांना वर बोलावलं. खुर्चीवर बसून त्यांनी डोकं पुढं केलं. फेट्याचं कापड लांब असतं, बांधताना दुसरं टोक कुणाला तरी ताणून धरावं लागतं. बांधणाऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं, जवळ दुसरं कुणी नव्हतं. ते टोक मी धरलं.